पोळपाटापर्यंतच्या पायऱ्या: पक्षाघातानंतर उपचाराची कृती कशी आखावी आणि तिचं ग्रेडिंग कसं करावं

पेशंटसमोर प्लास्टिकचे शंकू (कोन) ठेवले, एका बाजूचे दुसऱ्या बाजूला रचायला सांगितले, पंधरा मिनिटं झाली आणि फाइलमध्ये ‘ॲक्टिव्हिटी दिली’ अशी नोंद झाली. इंटर्नशिपच्या सुरुवातीला बरेच जण असंच काम करतात. ॲक्टिव्हिटी ॲनालिसिसचा, म्हणजे कृतीचे भाग पाडून तपासण्याचा, तक्ता पाठ असतो. पण समोरच्या माणसाला आज काय द्यायचं, उद्या त्यात काय बदलायचं आणि कधी एक पायरी खाली यायचं, हे तक्त्यात नसतं. कृती अशी पायरीपायरीनं सोपी-अवघड करणं म्हणजेच ग्रेडिंग. हा लेख या तीन प्रश्नांसाठी, मुख्यतः नव्या ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी, म्हणजे रोजच्या कामांतून उपचार करणाऱ्यांसाठी, लिहिला आहे. घरी पक्षाघाताच्या पेशंटची काळजी घेणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. मात्र त्यांनी पायऱ्या आपल्या थेरपिस्टशी बोलूनच ठरवाव्यात.

सगळ्या लेखाचा गाभा एवढाच आहे: कृती पेशंटच्या स्वतःच्या आयुष्यातली असावी, आणि तिच्यात एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

उदाहरण एकच घेऊ आणि त्याच्याबरोबर राहू. साठीतल्या एक काकू, उजव्या हाताने काम करणाऱ्या. मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा अडल्यामुळे डाव्या अंगाला पक्षाघात झाला, त्याला तीन महिने उलटले आहेत. काठी घेऊन घरात चालतात. डावा खांदा थोडा उचलता येतो, कोपर वाकतो, बोटं मिटतात पण उघडताना अडतात. डावीकडच्या वस्तूंकडे लक्ष कमी जातं, याला निग्लेक्ट म्हणतात. ही कुणी एक व्यक्ती नाही, ओपीडीत वारंवार दिसणारं चित्र आहे.

आधी दिवस विचारा

‘तुम्हाला काय करायचं आहे?’ असं थेट विचारलं की बहुधा एकच उत्तर येतं, ‘हात पूर्वीसारखा झाला पाहिजे.’ उत्तर मनापासूनचं असतं, पण त्यावरून कृती ठरवता येत नाही. त्याऐवजी दिवस विचारा. आजाराआधी सकाळी उठल्यावर पहिलं काय करायच्या? चहा कोण ठेवायचं? देवपूजा कोणाकडे होती? दुपारी काय, संध्याकाळी कोणाशी गप्पा? मग विचारा, कालचा दिवस कसा गेला. दोन दिवस शेजारी ठेवले की मधलं काय गळून पडलं आहे ते दिसतं, आणि कृती तिथेच सापडते.

नातेवाईक मध्येच उत्तर देतात. ‘आईला आता काही करायची गरज नाही, आम्ही आहोत ना,’ असं मुलगा म्हणतो. हे प्रेमापोटी असतं, त्याचा मान ठेवा. पण पेशंटशी काही मिनिटं एकट्यानं बोलाच. मुलासमोर ‘मला काही नको’ म्हणणाऱ्या काकू एकट्या असताना सांगतात की घरात सगळ्यांना त्यांच्याच हातची पोळी लागायची आणि आता सून बाहेरून पोळ्या मागवते.

कॅनडात तयार झालेलं कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर हे साधन इथे फार कामाचं आहे. स्वतःची काळजी, काम आणि फुरसत या तीन भागांतल्या अडचणी पेशंटनं सांगायच्या आणि प्रत्येकीचं महत्त्व १ ते १० मध्ये ठरवायचं. सर्वांत महत्त्वाच्या अडचणींबद्दल ‘सध्या किती जमतं’ आणि ‘त्याबद्दल किती समाधान आहे’ याला पुन्हा १ ते १० गुण द्यायचे. काही आठवड्यांनी हेच विचारल्यावर २ किंवा त्याहून अधिक गुणांचा फरक पडला असेल, तर तो अर्थपूर्ण मानतात. ‘किती’ हा आकडा पेशंट देतो, आपण नाही, म्हणून हे साधन मला आवडतं.

बाई आहे म्हणून स्वयंपाक आणि पुरुष आहे म्हणून सही व पैसे मोजणं, असं गृहीत धरू नका. स्वयंपाकघरात परत जायची अजिबात इच्छा नसलेल्या बायका भेटतात, आणि आईच्या हातासारखी भाकरी थापणारे काकाही भेटतात. आपल्या या काकूंनी पोळ्या सांगितल्या, म्हणून आपण पोळपाटाकडे चाललो आहोत.

आज कुठे आहेत ते पाहा

तपासणी कृतीच्या अनुषंगानं करा. हाताच्या हालचालीसाठी ब्रनस्ट्रॉमच्या पायऱ्या, स्नायूंच्या ताठरपणासाठी मॉडिफाइड ॲशवर्थ स्केल, खांद्याचं दुखणं आणि सबलक्सेशन (सांधा अर्धवट निसटणं), तळहाताची संवेदना, बसल्यावरचा तोल, आणि निग्लेक्टसाठी रेघा किंवा अक्षरं खोडायची चाचणी. एवढं पुरेसं आहे.

निग्लेक्टची एक घरगुती खूण सांगते, ती नातेवाईकांना पटकन पटते. आपल्याकडे ताट वाढताना चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे असतं आणि भाजी-उसळ उजवीकडे. ‘आई हल्ली चटणी-कोशिंबिरीला हात लावत नाही, आवडच गेली,’ असं घरचे सांगतात तेव्हा ताट फिरवून पाहायला सांगा. कोशिंबीर उजवीकडे आली की ती संपते आणि आता भाजी उरते. मग घरच्यांच्या लक्षात येतं की प्रश्न आवडीचा नव्हता.

यानंतर कृती प्रत्यक्ष करून घ्या. काकूंसमोर पोळपाट, लाटणं आणि मळलेली कणीक ठेवा आणि दोन-तीन मिनिटं गप्प बसून पाहा. मदतीला हात पुढे करू नका (धोका दिसला तर अर्थातच करा). डावा हात टेबलावर आला का, की मांडीवरच राहिला? लाटणं धरायला गेल्या तेव्हा खांदा कानाकडे गेला का? उजव्या हातानं जोर लावताना डावी मूठ आपोआप आवळली का? पोळपाटाची डावी कड नजरेत आली का? ही दोन मिनिटं सगळ्या तक्त्यांपेक्षा जास्त सांगून जातात. याची नोंद तुमची सुरुवातीची रेघ.

कृती उलगडताना

आता कृतीचे भाग करा. त्याआधी स्वतः पोळी लाटा. ज्यानं कधी लाटली नाही त्यानं घरी शिकून घ्यावी, कारण पुस्तकात वाचून हे कळत नाही. कणीक मळणं, गोळा करणं, पिठी लावणं, लाटणं, पोळी उचलून फिरवणं, तव्यावर टाकणं, उलटणं, काढून तूप लावणं. घडीची पोळी असेल तर मध्ये तेल लावून घडी घालणं आलं. प्रत्येक भागाला चार प्रश्न विचारा: कोणता सांधा किती हलतो आणि किती जोर लागतो, हाताला काय जाणवावं लागतं, डोळा आणि मन काय ठरवतात, आणि धोका कुठे आहे.

लाटण्याचाच भाग घ्या. दोन्ही तळवे लाटण्यावर, मनगट थोडं मागे वळलेलं, खांदा पुढे जातो, कोपर सरळ होतो, कंबरेतून शरीर पुढे झुकतं आणि वजन हातांवर येतं. बोटं घट्ट मिटावी लागत नाहीत, तळव्यानं दाब दिला तरी चालतो. काकूंच्या दृष्टीनं ही चांगली बातमी आहे. पोळी उचलून फिरवणं मात्र वरवर किरकोळ वाटतं, पण त्यात डाव्या बोटांना उघडावं लागतं, पातळ कड चिमटीत धरावी लागते आणि ठरल्या क्षणी सोडावी लागते. पकड आणि सोडणं यांत सोडणं नेहमीच कठीण. म्हणून करण्याच्या क्रमात फिरवणं जिथे येतं, त्याच्या बरंच नंतर ते शिकवण्याच्या क्रमात येतं.

डाव्या हाताची भूमिकाही आत्ताच ठरवा. काकू उजव्या हाताच्या आहेत, त्यामुळे डावा हात मदतनीस म्हणून परत येणं हे योग्य ध्येय आहे. मेथी निवडताना जुडी धरून ठेवणारा, परात स्थिर ठेवणारा, लाटण्याचं दुसरं टोक सांभाळणारा हात.

ध्येय असं लिहा: ‘चार आठवड्यांत टेबलापाशी खुर्चीत बसून, मळलेल्या तयार कणकेच्या दोन पोळ्या दोन्ही हातांनी लाटतील, हाताला धरून मदत नाही, डावीकडे बघण्याची तोंडी आठवण जास्तीत जास्त दोनदा.’ यात काय, कुठे, किती, कोणत्या मदतीनं आणि कधीपर्यंत हे सगळं आलं. ‘हाताचं कार्य सुधारणे’ हे ध्येय नव्हे. ते पूर्ण झालं की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही.

सोपं आणि अवघड कशानं होतं

सोप्याकडून अवघडाकडे जायचं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण कृतीला सोपं-अवघड करणाऱ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक सैल केली की दुसरी आवळते, आणि खरी कसोटी इथेच लागते.

कणीक सैल केली तर लाटायला जोर कमी लागतो. पण सैल कणीक पोळपाटाला चिकटते, फाटते, पुन्हापुन्हा पिठी लावावी लागते. म्हणजे ताकदीचं काम हलकं झालं आणि नजरेचं, निर्णयाचं काम वाढलं. पुरीसारखी घट्ट कणीक चिकटत नाही, आकार धरून राहते. पण तिला खांद्यापासून जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला की काकूंची डावी बोटं आवळू लागतात. ज्या पेशंटची ताकद चांगली पण लक्ष चटकन विचलित होतं, त्याला किंचित घट्ट कणीक सोपी. काकूंना मध्यम-सैल कणीक आणि भरपूर पिठी सोपी.

गोळा लहान असेल तर लाटणं थोडंसंच पुढे-मागे जातं आणि कोपर पूर्ण सरळ व्हावा लागत नाही. पोळी मोठी होत गेली की हात लांब जावा लागतो. लाटणं जाड असेल तर बोटं कमी मिटावी लागतात आणि लाटण्याच्या वजनाचाही दाब मिळतो, पण ते उचलून बाजूला ठेवायला जास्त ताकद हवी. ओटा उंच असला की खांदा वर चढतो. टेबल कोपराच्या किंचित खाली असलं तर वजन हातांवर सहज येतं. उभं राहिलं तर वजन टाकणं सोपं होतं, पण तोल सांभाळण्याचं नवं काम मागे लागतं. आणि ज्या घरात पाटावर बसून पोळ्या करतात, तिथे जमिनीवर बसणं आणि उठणं हीच स्वतंत्र कृती आहे. तिचं ग्रेडिंग वेगळं करायचं, पोळीच्या पोटात ढकलायचं नाही.

बाकीच्या गोष्टी नुसत्या सांगते, कारण त्या चटकन लक्षात येतात: किती वेळा, किती वेळ, किती वेगानं, एका बैठकीत कृतीचे किती भाग, वस्तू किती अंतरावर आणि कोणत्या बाजूला, आजूबाजूला टीव्ही आणि माणसं किती, मदत किती आणि कशी.

म्हणूनच एका वेळी एकच बदल. ज्या दिवशी उभं केलं त्याच दिवशी कणीकही घट्ट केली आणि काम बिघडलं, तर तोलानं बिघडलं की जोरानं, हे कळत नाही. मग आपण अंदाजानं मागे येतो, आणि काकूंच्या मनात ‘आपल्याला जमत नाही’ एवढंच उरतं. याला एकच अपवाद मी करते. एखादी मोठी पायरी चढताना दुसरी मुद्दाम उतरवायची. पहिल्यांदा उभं करताना गोळा पुन्हा लहान घ्यायचा.

साहित्याबद्दल एक आग्रह. भारतातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केलं, म्हणजे हा व्यवसाय इथे पाऊणशे वर्षं रुजला आहे. तेव्हा विभागाच्या कपाटात कोन आणि पेगबोर्डच्या शेजारी पोळपाट-लाटणं, परात, कपडे वाळत घालायची दोरी आणि चिमटे, कुलूप-किल्ली, ब्लाउजची हुकं, पूजेची ताम्हण-पळी हेही असायला हवं. कोन उचलता आला म्हणून पळी आपोआप उचलता येते असं होत नाही. जे शिकायचं आहे त्याचाच सराव जास्त कामी येतो.

काकूंच्या पायऱ्या

१. टेबल पुसणं. खुर्चीत बसून, पाय जमिनीला टेकलेले, दोन्ही तळवे दुमडलेल्या नॅपकिनवर. पुढे ढकलायचं, मागे आणायचं. डावा कोपर सरळ होतो आणि खांदा खालीच राहतो, एवढंच पाहायचं.

२. कणकेशिवाय लाटणं. जाड लाटणं, खाली टॉवेल. डाव्या हाताची पकड सुटत असेल तर मऊ पट्टीनं तो लाटण्यावर हलका बांधायचा. दर पाच मिनिटांनी पट्टी सोडून त्वचेचा रंग आणि सूज पाहायची, विशेषतः संवेदना कमी असेल तर.

३. तेच, पट्टीशिवाय.

४. मध्यम-सैल कणकेचा लहान गोळा, पिठी लावून आपण पोळपाटावर ठेवायचा. पुरीएवढं लाटणं. पोळी आपण फिरवायची.

५. गोळा थोडा मोठा, फुलक्याएवढं लाटणं.

६. पिठीची वाटी पोळपाटाच्या डावीकडे. पोळपाटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी. ‘काकू, लाल पट्टी दिसेपर्यंत मान वळवा.’ इथे हाताचं काम तेच राहतं, नजरेचं वाढतं.

७. पोळी दोन्ही हातांनी उचलून फिरवणं. आधी जाड पोळीवर, कारण जाड कड धरायला सोपी आणि फाटत नाही.

८. ओट्यापाशी उभं राहून, पुन्हा लहान गोळ्यापासून. मागे खुर्ची, बाजूला माणूस.

९. तयार कणकेतून गोळे स्वतः करणं.

१०. तवा. याच्या अटी वेगळ्या आहेत, त्या पुढे सांगते.

हा क्रम या काकूंचा. निग्लेक्ट नसता तर सहावी पायरी गळाली असती. बोटं चांगली उघडत असती तर सातवी आधी आली असती. तोल चांगला आणि हात कमजोर असता तर उभं राहणं तिसऱ्या-चौथ्या जागी आणलं असतं, कारण उभ्यानं शरीराचं वजन मदतीला येतं. क्रम पाठ करू नका, त्यामागचं कारण लक्षात ठेवा. पायरी पुरती जमेल इतकी सोपी असू नये आणि धीर सुटेल इतकी अवघडही असू नये. अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी लहान मुलांसोबत काम करताना ‘नेमकं पेलेल एवढं आव्हान’ ही कल्पना मांडली, ती मोठ्यांनाही तंतोतंत लागू पडते.

चढायचं कधी, उतरायचं कधी

हे आधी लिहून ठेवा. त्या दिवशीच्या मूडवर सोडलं तर काकू खूश दिसल्या की आपण घाई करतो. माझी पट्टी अशी आहे: सलग तीन सत्रांत, दहापैकी आठ वेळा नीट, खांद्याचं दुखणं न वाढता. ‘नीट’ म्हणजे खांदा न उचलता, कंबर एका बाजूला न झुकवता, श्वास न रोखता. पोळी गोल आली की नाही हा इथे निकष नाही. सुरुवातीच्या पोळ्यांचे नकाशे होणारच, आणि ते घरच्यांना आधीच सांगून ठेवावं, म्हणजे कुणी हसणार नाही.

उतरण्याच्या खुणा चढण्याच्या खुणांपेक्षा महत्त्वाच्या. डावी बोटं आवळून तळव्यात रुतू लागली, खांदा कानाशी गेला, श्वास धरून काम चाललं आहे, चुका वाढल्या, काकू गप्प झाल्या किंवा चिडल्या, तर लगेच एक पायरी खाली या. त्या पायरीवर दोन-चार वेळा यश मिळू द्या आणि तिथेच सत्र संपवा. सत्राचा शेवट जमलेल्या गोष्टीवर व्हावा, कारण घरी जाताना पेशंट तेच बरोबर नेतो.

दोन आठवडे एकाच पायरीवर अडलं तर दोन पायऱ्यांच्या मध्ये आणखी एक पायरी शोधा. फिरवणं जमत नसेल तर पोळीऐवजी दुमडलेला रुमाल पोळपाटावर फिरवून पाहा. तरीही नाही जमलं तर अडचण वेगळीच असू शकते: दुखणं, झोप न होणं, मनाची उदासी. पक्षाघातानंतर नैराश्य बऱ्याच जणांना येतं, आणि ते ‘आळस’ म्हणून दुर्लक्षिलं जातं. तिथे ग्रेडिंग थांबवून डॉक्टरांशी बोला.

मदत, बोलणं आणि सराव

मदतीच्याही पायऱ्या असतात. आपला हात त्यांच्या हातावर, मग फक्त मनगटाला आधार, मग कोपराला हलका स्पर्श, मग खूण, मग शब्द, मग नुसती हजेरी. शब्दांची मदत कमी करणं सगळ्यात कठीण जातं, थेरपिस्टलाही आणि घरच्यांनाही. ‘असं नको, तसं कर, डावीकडे बघ, सोड, धर’ असा मारा चालू असेल तर पेशंट हाताकडे नाही, आवाजाकडे लक्ष देतो. एक सूचना द्या, मनात दहापर्यंत मोजा, मग गरज असेल तर दुसरी द्या. काय चुकलं हे काम संपल्यावर सांगा, आणि हळूहळू आधी त्यांनाच विचारा, ‘या वेळी कसं झालं?’

किती वेळा करायचं? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या एका पाहणीत पक्षाघाताच्या पेशंटच्या थेरपी सत्रांमधल्या हालचाली प्रत्यक्ष मोजल्या गेल्या. हातासाठी कामाची कृती दिलेल्या सत्रांत सरासरी ३२ हालचाली भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले ते रोज शेकडो हालचालींनंतर. हे अंतर पाहिलं की वाटतं, आपण सत्रात बोलतो जास्त आणि करून घेतो कमी. पोळीचा इथे मोठा फायदा आहे. एक पोळी लाटताना लाटणं वीसेक वेळा सहज पुढे-मागे जातं, तीन पोळ्यांत साठीचा आकडा गाठला जातो, आणि पेशंटला मोजल्याचा कंटाळाही येत नाही. मध्ये विश्रांती द्या. दहा मिनिटांचे तीन टप्पे तीस मिनिटांच्या एका टप्प्यापेक्षा काकूंच्या हाताला मानवतात.

सुरुवातीला एकच गोष्ट सलग करा. जमू लागली की सरमिसळ करा: आज दुसरं लाटणं, उद्या ज्वारीच्या पिठाची पिठी, परवा मध्येच पोळी थांबवून मेथी निवडणं. सरमिसळीत त्या दिवशी काम जरा बिघडतं, पण शिकलेलं टिकतं.

चांगला हात बांधून कमजोर हातालाच काम करायला लावण्याची पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांच्या संशोधनातून आली आणि तिचे चांगले परिणाम आहेत. पण त्यासाठी मनगट साधारण २० अंश आणि बोटं १० अंश मागे सरळ करता येणं ही किमान अट धरतात. काकूंची बोटं अजून तेवढी उघडत नाहीत. मोबाइलवर व्हिडिओ बघून घरच्यांनी परस्पर उजवा हात बांधला तर काकू दिवसभर लाचार होतील, आणि काठी धरायला हात उरणार नाही.

तवा आणि इतर धोके

तळहाताची संवेदना कमी असेल तर डाव्या हाताला तव्याजवळ जाऊ देऊ नका. चटका बसतो आणि कळतही नाही. तव्याची पायरी गाठायला माझ्या अटी अशा आहेत: उभ्यानं दहा मिनिटं तोल न जाता काम होतं, डावीकडे आठवणीशिवाय नजर जाते, आणि गॅस बंद करणं विसरत नाहीत. सुरुवात थंड तव्यावर, मग कोमट, मग गरम. उलटायला हातांऐवजी चिमटा किंवा उलथणं. पाणी कोमट आहे का हे नेहमी उजव्या हातानं पाहायचं. फिट येण्याचा इतिहास असेल तर गरम तवा एकट्यानं कधीच नाही. विळी मी या काकूंना देणार नाही. तिच्यावर दोन्ही हात पात्याकडे ढकलावे लागतात, आणि डाव्या हातावर लक्ष नसताना ते धोक्याचं आहे.

काम चालू असताना छातीत दुखलं, धाप लागली, चक्कर आली तर थांबा आणि रक्तदाब पाहा. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, नव्यानं कमजोरी जाणवणं यांपैकी काहीही दिसलं तर थेरपी राहू दे, क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात न्या.

खांद्याची काळजी रोजची आहे. पेशंटला उठवताना डावा हात धरून ओढू नका. दाराला कप्पी बांधून चांगल्या हातानं कमजोर हात वर खेचायचा व्यायाम आपल्याकडे अनेक घरांत चालतो. पक्षाघाताच्या खांद्यात त्यामुळे दुखणं वाढतं, तो बंद करायला सांगा. तसाच रबरी चेंडू. काकूंची अडचण मूठ मिटण्याची नाही, उघडण्याची आहे. दिवसभर चेंडू दाबून त्या नको तेच पक्कं करत असतात. हे रागावून सांगू नका. घरच्यांनी ते मोठ्या कळकळीनं आणलेलं असतं. त्याच्या जागी टेबल पुसायचं काम द्या.

घरी

घरी तुम्ही दिलेल्या पायरीपेक्षा एक पायरी खालचं काम द्या. ओपीडीत पाचवी चालू असेल तर घरी चौथी. तिथे तुम्ही नसता, आणि सुनेला नोकरी, मुलांची शाळा, सगळं सांभाळायचं असतं. कणीक तशीही मळली जाते, त्यातला एक लहान गोळा काकूंसाठी बाजूला ठेवायचा, एवढंच मागणं ठेवा. कागदावर एक चित्र आणि तीन ओळी: कसं बसायचं, किती वेळा, काय दिसलं तर थांबायचं. झालं की कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात खूण करायची. दुधाचा हिशोब जिथे लिहितात तिथेच ही खूण राहते आणि पुढच्या भेटीत तुम्हाला महिना एका नजरेत दिसतो.

हीच पद्धत इतरांनाही लागू होते. विसरभोळेपणा असलेल्या पेशंटला चहा करायला देताना हाताचा जोर नाही, निर्णयांची संख्या मोजायची: आधी साखर-पावडर मोजून वाट्यांत ठेवलेली, मग डबे समोर, मग डबे कपाटात. चड्डी घालायला शिकणाऱ्या लहान मुलाला शेवटचा भाग आधी द्यायचा. आपण गुडघ्यापर्यंत घालायची, कमरेपर्यंत त्यानं ओढायची. काम संपवल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. मग एकेक भाग मागे सरकायचं. खचलेल्या मनाच्या माणसाला वेळ, निवड आणि आजूबाजूची माणसं यांचं ग्रेडिंग लागतं.

पायरी चढत नसेल तेव्हा

ग्रेडिंग पेशंटला कृतीकडे नेतं. कधीकधी कृतीलाच पेशंटकडे आणावं लागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. पोळपाटाखाली ओला नॅपकिन ठेवला की तो सरकत नाही. परातीखालीही तसाच. कणीक फूड प्रोसेसरमध्ये मळता येते. एका हातानं दाबायचं पोळी-प्रेस मिळतं. भाजी चिरायला लाकडी पाटावर स्टीलचे दोन खिळे उलट्या बाजूनं ठोकले की बटाटा त्यांत रुतवून एका हातानं चिरता येतो. काम झालं की खिळ्यांवर बूच लावायचं.

हे कधी द्यायचं, हे पेशंटबरोबर बसून ठरवा. मुलाचं लग्न पुढच्या महिन्यात आहे आणि काकूंना त्या दिवशी स्वयंपाकघरात उभं राहायचं आहे, तर खिळ्यांचा पाट आजच द्या. डाव्या हाताच्या पायऱ्या शेजारीच चालू राहतील. पण केवळ लवकर होतं म्हणून सगळंच एका हातावर नेलं, तर डावा हात हळूहळू कामातून निवृत्त होतो आणि नंतर त्याला परत आणणं फार जड जातं. म्हणून साधन देताना फाइलमध्ये तीन गोष्टी लिहा: कोणत्या कामासाठी दिलं, डाव्या हाताला त्यात कोणतं काम ठेवलं, आणि ते पुन्हा कोणत्या तारखेला तपासायचं. पुढचा थेरपिस्ट ती नोंद वाचून तिथूनच काम सुरू करू शकतो.